माझी भाऊ

ब्रिस्टलच्या प्लॅटफॉर्मवर मला फोनवर मराठी बोलताना ऐकून ती शेजारी येऊन बसली. पंचविशीची पोरगी, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. ट्रेन दिसली की उठायची, परत बसायची.

"काकू, आज माझी भाऊ येतोय."

"माझा भाऊ," मी चटकन सुधारलं. मास्तरीण ना मी!

ती खळखळून हसली आणि सांगू लागली. लहानपणी कोर्टाने दोघांना आईवडिलांपासून कायमचं काढून वेगवेगळ्या घरांत दत्तक दिलं होतं; हिला मराठी घरात, त्याला इंग्रज. वीस वर्षांनी आज पहिली भेट.

"आई न्यू मिळाली, लँग्वेज न्यू मिळाली, इट्स फाइन. पण भाऊ मला तीच पाहिजे होती."

ट्रेन आली. एक दाढीवाला धिप्पाड तरुण उतरला आणि तिनेच फोनवर शिकवलेलं मराठी लांबूनच ओरडला, "माझा बहीण!"

चुकासुद्धा सारख्याच. सख्खी भावंडं ना!