फळीवरच्या माणसाला हाक

सांगली सोडताना माझ्या कमरेला पट्टा होता आणि मनात थोर हेतू. आमच्या योगवर्गाच्या ताईंनी सांगितलं होतं, "ताठ कसं चालायचं ते डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या बायकांकडून शिका." खुर्चीत बसून पाठ मोडून घेतलेला मी लगेच निघालो. एवढी फुकटची विद्या कोण सोडतो!

फलटण येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याने माझ्या मणक्याची आस्थेने चौकशी केली. पुढे रिक्षाने एका उसाच्या फडात (तोड चालू असलेल्या शेतात) पोचलो. म्हसवडकडून आलेली टोळी ट्रक भरत होती. ट्रकला एक अरुंद फळी तिरकी लावलेली. "ती हौसाबाई, तिच्यावाणी कुणी चढत न्हाई," मुकादम कौतुकाने म्हणाला. पन्नाशीची बाई, डोक्यावर चुंबळ (ओझ्याखाली ठेवायची कापडाची गुंडाळी), तिच्यावर उसाची भली मोठी मोळी. मान स्थिर, पाठ सरळ, फक्त पावलं हलत होती. अगदी योगवर्गाच्या भिंतीवर लावण्याजोगं दृश्य.

मी मोबाइल काढला आणि उत्साहाने ओरडलो, "हौसाबाई, जरा इकडे बघा!"

तिने बघितलं. मी बटण दाबलं. मान वळली तशी मोळी कलली आणि तिचा एक पाय फळीवरून सुटला. तिने मोळी पलीकडे झटकून टाकली आणि दोन्ही हातांनी फळी धरून खाली बसली. मग सावकाश उतरली.

"फळीवर माणूस असताना हाक मारत्यात व्हय?" मुकादम खेकसला. "फडाला आग लागली तरी आमी तवा गप ऱ्हातो."

मी माफी मागितली. हौसाबाईने उलट मलाच चहा दिला. चहा संपवून ती उठली. आधी गुडघ्यावर हात, मग कमरेवर, आणि तरीही उभी राहिली ती अर्धी वाकलेलीच.

"पण ओझं असताना तर तुम्ही किती ताठ होता!" मी विद्यार्थ्यासारखी शंका विचारली.

"आवं दादा, वाकलं तर वझं पडतंय, म्हणून ताठ. ते उतारलं की मान लय ठणकती. उशीवर बी टेकवत न्हाई."

तेवढं बोलून ती पुढची मोळी उचलायला गेली. ती फळी चढेपर्यंत मी तोंड मिटून उभा राहिलो. त्या दिवशी मी शिकलो ते एवढंच.

सांगलीला परतल्यावर योगवर्गात तो फोटो सगळ्यांना फार आवडला. "काय ताठ मान आहे! आणि बघतेय किती छान!" ताई म्हणाल्या.

मला लाज वाटली. त्या क्षणी तिने फक्त समोर फळीकडे बघायला हवं होतं, पण माझ्या हाकेमुळे ती माझ्याकडे बघत होती.