दत्ताची काकवीची बिअर

दत्ताच्या बायकोचा, शालनवहिनींचा फोन ऐन जेवणाच्या वेळी आला. "भाऊजी, बाटल्या फुटल्या. ह्यांच्या गळ्यात काच गेली. लई रगत गेलं वो..." नेवासा फाट्याजवळच्या त्याच्या शेडवर मी पोचलो, तोवर दत्ता दवाखान्याच्या वाटेतच गेला होता. भिंतीत काचा रुतल्या होत्या. मी दारात उभा असतानाही आत आणखी दोन बाटल्या धडाडल्या. फरशीवर बिअर आणि रक्त एकत्र वाहत होतं. पाच आठवडे झाले, तो वास नाकातून जात नाही.

दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र. परवाना काढून तो बेल्जियन पद्धतीची बिअर करायचा. बाटलीत थोडी साखर घालून बूच लावायचं. आतलं यीस्ट ती खातं आणि गॅस धरतो. या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तोही यीस्टमुळेच. "आपल्याकडं काकवी असताना दुसऱ्याची साखर कशाला?" म्हणत त्याने काकवी घातली. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला केमिस्ट, म्हणून चाखायला मला नेमलं.

आमचं चाखणं म्हणजे मारामारीच. तो मुळात तापट, आणि मीही काही कमी नाही. एकदा मी म्हणालो, "नुसता केळ्याचा वास येतोय, लवंग लागतच नाही," तर त्याने लाथ घालून पिंप उलथवलं आणि अख्खी खेप गटारात सोडली. दुसऱ्यांदा ग्लास भिंतीवर फोडून माझी कॉलर धरली. मी त्याच्या कानाखाली वाजवली. अर्ध्या तासाने दोघं भाकरी-ठेचा खात बसलो होतो. माझ्या जिभेवर त्याचा आंधळा विश्वास होता, आणि त्याचा मला माज चढला होता, हे आज कबूल करतो.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, त्याने नवी खेप उघडली. रंग तांबूस, वास सुरेख. पण फेस वर आला आणि लगेच बसला.

"मेलेली आहे," मी म्हणालो. "गॅसच नाही. काकवी कमी पडली."

"केमिस्ट, थंडी हाय. जरा थांबू का?"

"थांबून काय मेलेलं उठतं का?"

खाऊ की गिळू असं त्याने माझ्याकडे पाहिलं, ग्लास आपटला. पण दुसऱ्या दिवसापासून एकेक बूच काढून चमचा-चमचा काकवी घालत गेला. मग एप्रिल आला, शेडचा पत्रा तापला... थंडीत यीस्ट झोपतं, उन्हात जागं होऊन सगळी काकवी खातं आणि गॅस बाटलीत मावत नाही, हे उभा जन्म प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाला कळू नये? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी शेडमध्ये बोलावलं. दत्ताच्या टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळलेली एक बाटली त्यांना सापडली होती. वर त्याच्या अक्षरात चिठ्ठी : 'हिच्यात जादा काकवी नाही. उन्हाळ्यात केमिस्टला पाजायची.'

"तुमच्या नावाची हाय. उघडा," वहिनी म्हणाल्या.

टॉवेलात धरून उघडली. फेस दोन बोटं चढला आणि तसाच राहिला. आधी लवंग, मग पिकलेलं केळं, आणि गिळल्यावर मागे काकवीचा खरपूस कडवटपणा. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"बरी हाय का, भाऊजी?"

"उत्तम आहे." मी ग्लास खाली घेतला. "तो बरोबर होता, वहिनी. मी चुकलो."

त्यांनी माझ्या हातातला ग्लास हिसकून घेतला. मला वाटलं, आता तोंडावर फेकतील. फेकला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो दत्ताच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"हे ह्यांला सांगायचं हुतं," त्या म्हणाल्या.