साडूभाऊंची काळी गाडी

काळी गाडी घेऊन लातुरात राहायचं आणि तिच्या अंगावर एकही ओरखडा उमटू द्यायचा नाही, ही दोन्ही कामं एकाच जन्मात करून दाखवणारा माणूस या भूतलावर एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. मी नांदेडला राहतो, ते लातूरला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. वयानं माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, ते मला पाव्हणे म्हणतात. गोलाईजवळ त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि डोळे मिटून नुसत्या चिमटीत धरून ते कापडात सूत किती आणि भेसळ किती ते सांगतात. गाडी घ्यायची ठरली तेव्हा झाडून साऱ्या नातेवाइकांनी सांगितलं, आपल्याकडं ऊन, धूळ, पांढरीच घ्या. साडूभाऊ म्हणाले, "पांढरी तर कुणीबी सांभाळतंय. काळी सांभाळायला माणूस लागतंय."

आणि माणूस लागलाच. सकाळी ऊन चढायच्या आत धुणं उरकायचं, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळून डाग पडतात. धुण्याआधी साडूभाऊ बोटातली अंगठी काढत, मनगटावरचं घड्याळ काढत, बटणाचा सदरा आणि बक्कलाचा पट्टा घरात ठेवून बनियन-लुंगीवर येत आणि गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबीसुद्धा पाठीवर टाकत, म्हणजे वाकल्यावर ती बोनेटला लागायला नको. आम्ही एवढी तयारी लग्नातसुद्धा केली नव्हती. मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं साधं. हातात चढवायचा लोकरी मोजा आधी शाम्पूत बुडवायचा, गाडीचा हातभर भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून त्यातली माती सोडायची आणि पुन्हा शाम्पूकडं जायचं. सुरुवात टपापासून, शेवट खालच्या कडेला, आणि चाकांचं फडकं निराळं. मोजा चुकून जमिनीवर पडला तर त्याचं गाडीशी नातं तिथंच संपलं. पुढं तो स्वयंपाकघराच्या खिडक्या पुसण्यात आयुष्य काढी.

लातुरात नळाला पाणी येतं तो दिवस घरोघर सणासारखा असतो. टाक्या, पिंपं, घागरी, तांबे सगळं भरून ठेवायचं आणि पुढच्या नळाची वाट पाहायची. अशा गावात पाइप लावून गाडी धुणाऱ्याला साडूभाऊ गुन्हेगार समजतात. आणि कोरड्या फडक्यानं धूळ झटकणाऱ्याला तर त्याहून मोठा गुन्हेगार, कारण धुळीतला बारीक खडा फडक्याबरोबर रंगावरून फिरतो आणि गाडी उन्हात उभी केली की अंगभर बारीक चरांची कोळ्यासारखी जाळी दिसते. मग कमी पाण्यात धूळ भिजवायची कशी? साडूभाऊंनी शेतातल्या फवारणीचा पाठीवरचा पंप आणला. कोरा, औषधाचा थेंब न लागलेला. लुंगीवर तो पंप पाठीला लावून, एका हातानं दांडा हापसत, दुसऱ्या हातातल्या नळीनं ते गाडीभोवती फेऱ्या मारत तेव्हा रस्त्यानं जाणारा एखादा शेतकरी हमखास विचारी, "मालक, अळी पडली का काय?" साडूभाऊ न हसता सांगत, "पडू ने म्हनूनच मारायलोय."

त्यांच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. अत्यंत सज्जन. एकदा त्यांना बोनेटवर कबुतराची घाण दिसली आणि शेजारधर्म म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढून ती पुसायला हात लावला. वरच्या गच्चीतून आरोळी आली, "गुरुजी! हात वर!" मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि साडूभाऊ जिना उतरून खाली येईपर्यंत ते तसेच उभे होते. मग साडूभाऊंनी ओल्या फडक्याची घडी त्या डागावर ठेवली, डाग मऊ पडेपर्यंत मास्तरांना चहा पाजला आणि नंतर तो नुसता उचलून घेतला. उदगीरला पुतण्याच्या लग्नात नवरदेवासाठी ही गाडी मागितली, तेव्हा त्यांनी आढेवेढे न घेता दिली, फक्त फुलांच्या माळा चिकटपट्टीनं न लावता मलमलीच्या पट्ट्यांनी बांधल्या आणि नवरदेव आत बसायला वाकला तसा त्याला दारातच अडवून म्हणाले, "आधी कट्यार इकडं द्या. मग चढा बोहल्यावर."

मला एकदा त्यांनी धुऊ दिली होती. मी मोठ्या हौसेनं मोजा घेतला आणि दारावर गोल गोल फिरवायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं. "पाव्हणे, जिलब्या काढायलाव का? रेघा वढा, रेघा. आन दाबू नका. लेकराच्या गालावरून हात फिरवल्यावानी." अक्का ओसरीवर शेंगा निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "लेकराच्या गालावरून ह्यांनी कवा हात फिरवला न्हाई. लेकीला म्याच न्हाऊ घातलं." साडूभाऊंनी ऐकून न ऐकल्यासारखं करून पंप हापसला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या वर्षी आम्ही उभयता लातूरला गेलो. गाडी नुकतीच धुऊन अंगणात उभी होती, आणि डाव्या दाराच्या खालच्या अंगाला धुळीचा चांगला वीतभर पट्टा तसाच राहिला होता. मला वाटलं, साडूभाऊ माझी परीक्षा घेतायत. मी हसत म्हटलं, "साडूभाऊ, हे काय, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलं का?" त्यांनी विचारलं, "काय?" मी बोटानं दाखवलं. ते वाकले, मान इकडं केली, तिकडं केली आणि मग त्यांना तो दिसला. चेहरा असा उतरला की मला बोललो याचं वाईट वाटलं. अक्कांनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "लई दिवस झाले आसं हुयालंय. परवा जेवताना बाजूचा तांब्या सांडला. म्हनतेत, ध्यान नव्हतं. तुमी तरी दवाखान्यात न्या."

नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. समोरचं दिसत होतं, पण बाजूची नजर हळूहळू गेली होती, नळीतून पाहावं तसं. "गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती सांभाळू. रोज थेंब घालायचे, आणि गाडी आजपासून चालवायची नाही." साडूभाऊंनी एकच प्रश्न विचारला, "धुवायची का?" डॉक्टर गोंधळले. म्हणाले, "धुवा की." तेव्हा साडूभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला.

मुलगी बंगळुरूला असते. तिनं फोनवर सांगितलं, बाबा, गाडी विकून टाका, हल्ली बोलावली की भाड्याची गाडी दारात येते. अक्कांच्या भावांनी तेच सांगितलं, मास्तरांनी तेच सांगितलं. साडूभाऊ सगळ्यांना मान डोलावून "हाव" म्हणायचे आणि संध्याकाळी अंगणात गाडीशेजारी खुर्ची टाकून बसायचे. एके दिवशी अक्कांनी भाकरी थापता थापता जाहीर केलं, "गाडी विकायची न्हाई. मी शिकते." पंचावन्नी ओलांडलेली, जन्मात सायकलला हात न लावलेली बाई. साडूभाऊ म्हणाले, "आगं, काळी हाय ती." अक्का म्हणाल्या, "मंग मी कुठं गोरी हाय?"

शिकवणीच्या गाडीवर त्या शिकल्या. परवाना हातात आल्यावर पहिली मोठी खेप निलंग्याची ठरली, दोघी बहिणींच्या माहेरी, आणि साक्षीदार म्हणून आम्हा दोघांना मागच्या सीटवर बसवण्यात आलं. अक्का चालवणार, साडूभाऊ शेजारी. पदर कमरेला खोचून अक्कांनी गाडी सुरू केली, मागं घेतली, आणि फाटकातून बाहेर पडताना डाव्या अंगाला कर्रर्र असा आवाज झाला. फाटकाची कडी मागच्या दारापासून पार शेवटापर्यंत फिरली होती. बायकोनं माझा दंड धरला. अक्कांनी गाडी थांबवली, दोन्ही हात चाकावर तसेच ठेवले आणि समोर बघत म्हणाल्या, "झालं. बोला आता काय बोलायचं ते."

साडूभाऊ उतरले. दारावरून हात फिरवला, मग फाटकावरून फिरवला, आणि परत येऊन बसले. "फाटकाचा रंग निघालाय," ते म्हणाले. "दसऱ्याला द्यायचाच हुता."

"आन गाडीचा?"

"तिला पहिला वरखडा कोन पाडतंय ह्याचा मला लई वर्सं घोर हुता. घरच्या मानसानं पाडला. बरं झालं. टाक गेर."

अक्का हसल्या, मग डोळे पुसले, मग गेर टाकला. निलंग्यापर्यंत त्यांनी कुणालाही पुढं जाऊ दिलं नाही म्हणण्यापेक्षा सगळ्यांनाच जाऊ दिलं, बैलगाडीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तर साडूभाऊ त्या ओरखड्यापाशी उकिडवे बसले होते. बोट हळूहळू त्याच्या लांबीवरून चाललं होतं. मला म्हणाले, "खोल हाय का ओ?" रंगाखालचा पत्रा सरळ दिसत होता. मी म्हटलं, "छे, वरवरचा आहे. लक्षातही येत नाही." कापडातला एक धागा बोटानं ओळखणाऱ्या माणसानं मान डोलावली आणि ते म्हणाले, "हाव ना? मलाबी तसंच वाटलं. तिला तसंच सांगा."

आता फवारणीचा पंप अक्कांच्या पाठीवर असतो. नऊवारी नाही, पण पाचवारीवर तो पंप लावलेल्या अक्का बघायला मास्तर मुद्दाम पेपर घेऊन बाहेर बसतात. धुतात मात्र साडूभाऊच. अक्का मागं उभ्या राहून सांगतात, "डावीकडं. खाली. आजून खाली. ऱ्हायलं बगा तितं," आणि साडूभाऊ म्हणतात, "न्हाई राह्यलं, तिकडंच यायलो हुतो." गाडीवर आणखी तीन-चार जागी अक्कांच्या शिक्षणाच्या खुणा आहेत. त्यांच्यावरून मोजा जातो तेव्हा साडूभाऊंचा हात किंचित थांबतो आणि पुढं सरकतो. बाकी रंग अजून असा आहे की त्यात तोंड पाहून भांग पाडावा.

पूर्वी ते नांदेडला फारसे येत नसत. आमच्या गल्लीत सावली नाही आणि असली तर तिच्यात कावळे, ही त्यांची तक्रार. आता अक्कांना चालवायची गोडी लागलीय, त्यामुळे मनात आलं की येतात. गेल्या महिन्यात आले, जेवले, सुपारी कातरत गप्पा झाल्या आणि उन्हं उतरल्यावर निघाले. आम्ही दोघं निरोपाला दारात उभे होतो. अक्कांनी सराईतपणे गाडी वळवली, हॉर्न दिला. साडूभाऊंनी काच खाली केली आणि तोंडभर हसत जोरजोरात हात हलवला. आमच्याकडं नव्हे, शेजारच्या बंद फाटकाकडं. बायको हाक मारणार होती. मी तिचा हात धरला, आणि आम्ही दोघं सरकत त्या फाटकापाशी जाऊन उभे राहिलो आणि तिथून हात हलवला.

"येतो पाव्हणे!" साडूभाऊ ओरडले, आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.