दुतोंडी पत्रकाची फाइल

आमच्या पत्रकाला भिवंडीत लोक दुतोंडी म्हणायचे आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. पत्रक म्हणजे फुलस्केप कागदाची एक घडी, चार पानं. पुढून उघडलं की दोन पानं मराठी, पालथं घालून उघडलं की दोन पानं उर्दू. मराठी पानं मी लिहायची. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आजच्यापेक्षाही तापट होते. उर्दू पानं एक मास्तर लिहायचे. ते एका खासगी हायस्कुलात चित्रकला आणि उर्दू शिकवत. माझा मजकूर मी त्यांना वाचून दाखवायचे आणि ते तिथेच बसून उर्दूत उतरवायचे. नारपोलीत एका लूमवाल्याने कापडाच्या घड्या घालायच्या खोलीतला एक कोपरा आम्हाला दिला होता. तिथे आमचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. शेजारी लूमचा एवढा खडखडाट की वाचून दाखवणं म्हणजे ओरडणंच.

लढाई नको, एवढंच आमचं म्हणणं. मोठे शब्द आम्हाला येतच नव्हते. रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली बाई काय म्हणाली, सीमेवरच्या पोराची आई पोस्टमनची वाट कशी बघते, असलंच आम्ही लिहायचो. कोपरापर्यंत शाई लागायची, मास्तरांच्या घरून नानखटाई यायची, तीवरही शाईचे ठसे उठायचे. फार सुखात होते मी त्या दिवसांत.

प्रत्येक अंकाची एक प्रत आणि माझा हाताने लिहिलेला मजकूर मी जपून ठेवायचे. बाकीच्या प्रती गावात पुड्या बांधायला लागत. भिवंडीत काही गुंडाळायचं तर लूमवरून उतरलेलं कोरं कापडच हाताशी असतं, म्हणून फाइलही मी त्यातच सुतळीने बांधली होती. वर कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने अंकांची संख्या. नवा अंक निघाला की जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा. या टापटिपीचा मला गर्व होता.

मग एकाहत्तर साल सरता सरता लढाई खरोखरच लागली. काचांना काळे कागद लागले आणि कुणीतरी मास्तरांच्या शाळेत तक्रार केली की मराठी पानं साधी असतात, पण उर्दू पानांत हा माणूस भलतंच काहीतरी लिहितो. शाळेच्या कमिटीत उर्दू वाचणारं कुणी नव्हतं. त्यांनी मास्तरांना सांगितलं, पहिल्यापासूनचे सगळे अंक आणा, आम्ही वाचून घेतो. आणता आले नाहीत तर नोकरी सोडा. मास्तरांना चार मुलं. मी त्यांच्या वतीने दिवसभर तणतणले. पण खोटं कशाला बोलू, मलाही उर्दू येत नव्हतं, आणि एक दिवस मलासुद्धा वाटून गेलं की खरंच, काय लिहीत असतील? तो विचार मी लगेच झटकला, पण आला होता हे खरं.

कमिटीच्या दिवशी सकाळी फाइल घ्यायला नारपोलीच्या त्या खोलीत गेले तर यंत्राशेजारची तिची जागा रिकामी. घड्या घालणारा कामगार बाजूला उभा होता. मी त्याला विचारलं.

"वो सफेद गठरी? उस पे चौंतीस लिखा था, बहनजी," तो म्हणाला. "मैं समझा चौंतीस मीटर का टुकडा है. टेम्पो में डाल दिया."

कापडाच्या तुकड्यावर मीटर असेच लिहितात, त्याच जागी, त्याच निळ्या पेन्सिलीने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझी पाचावर धारण बसली. माझ्याबरोबर आलेले मास्तर मात्र म्हणाले, "जाईल कुठे, बाई? उलगडलं की कळेलच त्यांना."

टांगा करून आम्ही ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलो. माल अजून मुंबईला निघायचा होता. जवळच्या शेलार गावचा एक हमाल आमच्या गाठोड्यावर बसूनच भाकर खात होता.

"यो तुमचा हाय व्हय?" तो म्हणाला. "उचलला तवाच बोललो, या कापडाचा वजन न्यारा हाय. म्हणून बाजूला ठेवला."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. त्याने उठून गाठोडं झटकलं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

कमिटीने वाचायला एका वकिलाकडचे म्हातारे कारकून बोलावले होते. त्यांना दोन्ही लिप्या येत. तासभर ते मराठी वाचत, मग उर्दू, आणि दरवेळी म्हणत, "तेच आहे." मी समोर बसून मनात म्हणत होते, धोपटा साप म्हणून भुई. तेवढ्यात ते थांबले. त्यांनी आधीचे अंक पुन्हा उलटून पाहिले.

"उर्दूत शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे," ते म्हणाले. "ती मराठीत नाही. सगळ्या अंकांत आहे."

सगळे पुढे झुकले. मी मास्तरांकडे पाहिलं तर ते जमिनीकडे बघत होते, कान लाल. कारकुनांनी चष्मा पुसला आणि ती ओळ मराठीत सांगितली: मूळ लिखाण बाईंचं आहे आणि नेक आहे, वाचताना काही खटकलं तर चूक माझ्या तर्जुम्याची, बाईंना कुणी बोल लावू नये.

कमिटीने चहा मागवला. नोकरीचा विषय तिथेच संपला.

बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात मास्तरांवर ओरडले, की हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

"तुम्ही आमच्या मोहल्ल्यातून एकट्या जाता-येता, बाई," ते म्हणाले. "कुणी रागावलं तर माझ्यावर रागवावं."

मला रडूच आलं. माझ्या लोकांनी मास्तरांवर रागावू नये म्हणून आपणही अशी एक ओळ लिहावी, हे चौतीस अंकांत मला एकदाही सुचलं नव्हतं. पस्तिसाव्यात मी ती लिहिली आणि नेहमीसारखी लूमच्या वर आवाज चढवून वाचून दाखवली. आमच्या सबंध पत्रकात तेवढं एकच वाक्य मास्तरांनी उर्दूत केलं नाही.