अंबादास सरांनी परत पाठवलेली ब्रँच

अंबादास सरांची आणि माझी ओळख झाली, ती त्यांनी माझे काम परत पाठवले तेव्हा. चादरींची नक्षी काढण्याचा जो मोफत प्रोग्राम आज सोलापुरातले बरेच कारखानदार वापरतात, तो सरांनी सुरू केला. आम्ही काही जण नोकरी सांभाळून त्यात भर घालतो. माझे पती मिलिंद त्या गटात आधीपासून होते. मी शाळेत संगणक शिकवते, म्हणून त्यांनी मलाही ओढले. मी दोन किरकोळ बदल करून पाठवले. भवानी पेठेतल्या त्यांच्या चादरींच्या कारखान्यातून सरांचा फोन आला.

"मॅडम, यात दोन कामं आहेत की. दोन ब्रँच करा."

"सर, दोन्ही मिळून चार ओळी आहेत."

"मग लवकर होईल," म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रोग्रामची मूळ प्रत सगळ्यांची असते. तिला थेट हात लावायचा नाही. तिच्यापासून आपली वेगळी ब्रँच काढायची, बदल तिथे करायचे, आणि दुसऱ्याने तपासल्यावरच ते मूळ प्रतीत घ्यायचे. ही पद्धत जगभर आहे. सरांनी तिला स्वतःची एक अट जोडली. नक्षीशी संबंधित कोणताही बदल असला, की ते त्या ब्रँचमधून निघालेली नक्षी मागावर चढवतात आणि वीतभर कापड विणून पाहतात. माग मोकळा नसेल तर आपण थांबायचे. या हट्टापायी आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी चिडला आहे. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात हे दुसरे कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

मात्र नियम ते स्वतःलाही लावतात. एकदा त्यांचीच ब्रँच मिलिंद यांनी चूक दाखवून परत पाठवली. सरांनी निमूटपणे दुरुस्ती केली आणि वर मिलिंदना चहाला बोलावले.

मिलिंद यांचे सगळ्यांत मोठे काम म्हणजे 'आरसा'. नक्षीचा अर्धा भाग काढला की उरलेला अर्धा प्रोग्रामने उलटा करून जोडायचा. सरांनी ते विणून पाहिले, तर चादरीच्या मधोमध जाड रेघ आली. जोडताना मधला धागा दोनदा येत होता. ब्रँच परत आली आणि त्याच सुमारास मिलिंद आजारी पडले.

सर दवाखान्यात नियमाने येत. माझ्यासाठी डबा आणत आणि खाटेशी बसून त्या धाग्याविषयी बोलत. एकदा सिस्टर म्हणाल्या, "काका, पेशंटला आराम करू द्या."

मिलिंद म्हणाले, "राहू द्या सिस्टर. यांना घालवलंत तर माझी ब्रँच आणखी लटकेल."

त्या आजारातून मिलिंद उठले नाहीत. शोकसभेत गटातल्या सगळ्यांनी एकमताने सुचवले, की त्यांची ब्रँच आहे तशी मूळ प्रतीत घ्यावी. सर उभे राहिले आणि म्हणाले, "श्रद्धांजली म्हणून मी कोड घेत नाही." मी उठून घरी आले. त्यानंतर बरेच दिवस सरांचे फोन घेतले नाहीत.

मग ते पत्नीला घेऊन घरी आले. म्हणाले, "आज घेतलं तर ज्याच्या चादरीवर रेघ येईल तो पहिला माणूस तक्रार करील, आणि कुणीतरी सगळं काढून टाकील. मग मिलिंदचं काय राहील हितं?" मी संगणक सुरू केला. ब्रँच जुनी झाली होती, मूळ प्रत बरीच पुढे गेली होती. सरांनी माझ्याच टेबलाशी बसून, आजच्या प्रतीपासून नवी ब्रँच कशी काढायची आणि जुन्यातला एकेक तुकडा तीत कसा आणायचा ते दाखवले. प्रत्येक तुकड्यावर करणाऱ्याचे नाव मिलिंद यांचेच राहील, हे त्यांनी दोनदा तपासले.

तेव्हापासून मी शाळा सुटल्यावर हे काम करते. एकेक तुकडा मूळ प्रतीत गेला. फक्त मधल्या धाग्याचा उरला. तो मी परवा पाठवला. सरांनी विणला आणि परत पाठवला. रेघ गेली होती, पण मधला धागा कमी केल्यामुळे काठाला एक धागा उणा पडत होता.

"सर, एका धाग्याने काय होतंय?"

"विणणाऱ्याला दिसतं की, मॅडम."

"मिलिंद असते तर भांडले असते तुमच्याशी."

"लई भांडले असते," सर म्हणाले. "आणि दुरुस्त करून पाठवलं असतं."

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची तब्येत ठणठणीत राहो, डोळे असेच तीक्ष्ण राहोत आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो, ही मनापासून इच्छा. काठाच्या धाग्याची दुरुस्ती मी करते आहे. ती त्यांनी स्वतः मागावर चढवून पाहावी. पुन्हा परत पाठवली तर मी पुन्हा चिडेन, पण मिलिंद यांच्या कामाला दुसऱ्या कोणाचा होकार मला चालणार नाही.