बोळात अडकलेला बंपर
अडकलेली गाडी ओढायच्या विंचच्या वायर रोपला ग्रीस लावताना त्याचा वास आला, की भिंगारची ती दुपार आठवते. लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक वडिलांच्या गॅरेजात होता. "येवढा ट्रक दुरुस्त झाला की जा पुण्याला नोकरीला," ते म्हणाले होते. पुढं विंच बसावी म्हणून मी बंपर हातभर वाढवला. वडिलांनी ट्रक गॅरेजसमोरच्या बोळात वळवला तर बंपर भिंतीत अडकला. पुढं सरकेना, मागं येईना. दारं उघडायलाही जागा नव्हती. तापलेल्या केबिनमध्ये आम्ही दोघंच. "बोळ मोजला न्हाईस?" वडिलांनी इंजिन बंद केलं. "कापावा लागंल बंपर. ऱ्हा अजून महिनाभर." आवाजात राग नव्हता, उलट बरं वाटल्यासारखा होता. तो महिना लांबतच गेला; आता गॅरेज माझं आहे. कुठलाही बंपर करण्याआधी टेप घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत जातो, आणि वडिलांचा तो आवाज आठवून न मोजताच तिथून मागं फिरतो.