टेलपासून निबंध

संगमनेर तालुक्यात इंग्रजी निबंधाचा सर्वांत मोठा जाणकार कोण, असं कुणी विचारलं तर मी माझ्या बायकोच्या मामांकडे बोट दाखवीन, आणि त्यांनी आयुष्यात इंग्रजीत सहीखेरीज काहीही लिहिलेलं नाही हेही लगेच सांगून टाकीन. मामा पाटकरी होते. म्हणजे कालव्याला पाणी सुटलं की त्यातून फुटणाऱ्या कोणत्या चारीला ते किती वेळ द्यायचं, कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडून पाणी बंद करायचं, हे बघणारा माणूस. उभी नोकरी त्यांनी कालव्याच्या कडेने सायकल हाणत काढली आणि त्यातून एकच तत्त्वज्ञान कमावलं, की पाणी आधी शेवटच्या शेतकऱ्याला द्यावं. कालव्याच्या तोंडाला ते हेड म्हणतात आणि शेवटाला टेल. "हेडवाल्याला कदी कमी पडत न्हाई, त्याच्या दारातनंच पानी जातंय. टेलवाला कोरडा ऱ्हातो. म्हनून पाळी टेलपासनं सुरू करायची." हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

निवृत्तीनंतर कालवा सुटला, तत्त्वज्ञान काही सुटलं नाही. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचतात. कुणाकडे गेले की आधी दाराआड उभ्या असलेल्या लहानग्याची विचारपूस करतात आणि यजमानांचा नंबर चहाच्या वेळेला लागतो. माझ्या मेहुणीच्या लग्नात वाढप्यांवर देखरेख करायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आणि जिलेबी पंगतीच्या शेवटापासून फिरवायला लावली. पहिल्या पाटांवर वराकडची वडीलधारी मंडळी होती. त्यांच्यापर्यंत जिलेबी पोचेस्तोवर ताक आलं. व्याही रुसले, सासूबाईंनी भावाला बाजूला घेऊन चांगलंच फैलावर घेतलं. मामा सगळं ऐकून म्हणाले, "अक्का, शेवटाला बसलेल्या वाजंत्र्यांना आजवर कुनी गरम जिलेबी वाढलीय का?" पुढच्या लग्नात सासूबाईंनी मामांना अक्षता वाटायला बसवलं.

असे हे मामा दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे येऊन राहिले, तेव्हा माझी मुलगी मुक्ता बारावीला होती. तिला पुढे इंग्रजी साहित्यच शिकायचं होतं. वाचन दांडगं, पण परीक्षेत एखाद्या कथेवर टीकात्मक निबंध लिहायचा म्हटला की हात आवरत नसे. प्रस्तावनेतच दोन पानं जात, मग तिला मुद्दा आठवे आणि तेवढ्यात घंटा होई. सहामाहीच्या पेपरावर मॅडमनी लाल पेनाने लिहिलं होतं, 'तुझं म्हणणं काय, ते शेवटपर्यंत कळलं नाही.' मुक्ता घरी येऊन रडली. मग डोळे पुसून अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मला हे जमत नाही. मी इंग्रजी घेत नाही." ती रडत होती तोवर मला काळजी नव्हती, तिच्या त्या शांतपणाची मात्र वाटली.

मामा शेजारच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती, त्यामुळे कान मोकळेच होते. "काय लिवायचं असतंय ते मला मराठीत सांग," ते म्हणाले. मुक्ताने कंटाळत कथा सांगितली. एका बाईचा नवरा वारलेला असतो, दुकान बंद पडलेलं असतं, आणि तरी ती रोज सकाळी जाऊन दुकानाची पाटी पुसून येते. प्रश्न असा, की लेखकाने त्या बाईचं दुःख कसं दाखवलं आहे.

"मंग तुझं पानी जायचंय कुठं?" मामांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हंजे शेवटाला तुला म्हनायचंय काय? येका वाक्यात सांग."

"ती बाई एकटी आहे."

"ते काय, कुनीबी सांगंल. तुझं तू सांग."

मुक्ताने पुस्तक उघडून तो पाटीचा प्रसंग पुन्हा वाचला. मग म्हणाली, "ती धूळ पुसतच नाहीये, मामाआजोबा. दुकान अजून आपलं आहे, एवढंच ती गावाला रोज सांगते."

"हां. हे झालं टेल," मामा म्हणाले. "आता हितवर पानी न्यायला चाऱ्या किती लागतील ते बघू."

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर कालवा आला. कोऱ्या कागदाच्या तळाशी मुक्ता आपलं म्हणणं लिही, वर प्रश्न लिही, आणि मधल्या रेघेला तीन चाऱ्या काढी. प्रत्येक चारीत एक मुद्दा आणि कथेतला एक पुरावा. जो मुद्दा टेलकडे जात नसेल त्याला मामा पाणीचोर म्हणत आणि खोडायला लावत. प्रत्येक चारीला सात मिनिटं. घड्याळ बघता येत नसल्यामुळे ते ट्रान्झिस्टरवरून वेळेचा अंदाज घेत आणि वाक्य अर्धं असलं तरी "दार पाड" म्हणत. पुढे पुढे ही सवय घरभर पसरली. बायको बहिणीशी फोनवर बोलत असली की आतून आवाज येई, "दार पाड गं, तिकडं लई पानी गेलं." हसायची मला सोय नव्हती, कारण माझीही पाळी रोज येत होती.

सराव परीक्षेत मात्र घोटाळा झाला. मुक्ताने गुरूची आज्ञा शब्दशः पाळली. उत्तरपत्रिकेत अंदाजाने तीन पानं सोडून तिने आधी समारोप लिहिला आणि मग पहिल्या पानावर येऊन सुरुवात केली. मजकूर दोन पानांत संपला. मधलं एक पान कोरं राहिलं. मॅडमना वाटलं पोरीची पानं चिकटली. हे ऐकल्यावर मामा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून, माझा हात धरून शाळेत गेले आणि मॅडमना हात जोडून म्हणाले, "बाई, पोरीची चूक न्हाई. मी अडानी मानूस, मीच तिला उलटं शिकवलं."

मॅडमनी त्यांना बसवलं, सगळी पद्धत विचारून घेतली. मग म्हणाल्या, "आजोबा, तुमचं बरोबर आहे. फक्त शेवट आधी ठरवायचा तो कच्च्या कागदावर. पेपरात तो शेवटीच यायला हवा." मामा थोडा विचार करून म्हणाले, "व्हय की. पाळीचा तक्ता हापिसात होतो, पानी मागनं सुटतंय. नोकरीभर केलं आन् हितं इसरलो." उठता उठता मॅडमनी सांगितलं, की मुक्ताचा तो पलीकडे एकटा पडलेला समारोप त्यांनी वर्गात वाचून दाखवला. घरी आल्यावर मामांनी दोन वेळा वाढून घेतलं.

बोर्डाच्या पेपरात तिचा निबंध पुरा झाला, आणि निकालानंतर तिला पुण्यात इंग्रजीलाच प्रवेश मिळाला. जायच्या आदल्या संध्याकाळी मामा गावाहून मुद्दाम आले. आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. मुक्ताने सुट्टीत एका कादंबरीवर कुणी न सांगता निबंध लिहिला होता. मामा म्हणाले, "वाच."

"मराठीत सांगू?"

"नको. हाय तसाच वाच."

ती वाचू लागली. चांगली पंधरा मिनिटं आमच्या बैठकीत इंग्रजी चाललं होतं आणि मामा मान खाली घालून ऐकत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "मामाआजोबा, कुठे अडकतंय का?"

"न्हाई," ते म्हणाले. "आता तुला माझं काम न्हाई." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, पण मला ते फार लागलं. मुक्ता कागद घडी करू लागली, तेव्हा त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"उद्याच्याला जायचंच हाय तुला," ते म्हणाले. "पहिल्यापासनं पुन्ना वाच."